बाटलीबाहेरची वाइन

विनोबांच्या जन्मगावी, गागोदे बुद्रुकात राहून वाइनवर लिहायचे म्हणजे धाडसच! पण प्यावी की नाही हा आजचा विषय नव्हे. ती कशात भरावी, एवढाच आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या फ्रातेलीने वाइन पाव लिटरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात आणली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. मला ते पटत नाही. आमच्याकडे कोकमाचे आगळ चिनी मातीच्या बरणीतून प्लॅस्टिकच्या बाटलीत आले. सोलकढी काही बिघडली नाही.

बाटलीचा खरा तोटा उघडल्यावर कळतो. पाऊण लिटर वाइन दोघांना एका रात्रीत संपत नाही, आणि हवा लागली की दोन-चार दिवसांत चव उतरते. ऑस्ट्रेलियाच्या टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली पुठ्ठ्याच्या खोक्यात वाइनची पिशवी घातली. पुढे तिला तोटी आली. वाइन काढावी तशी पिशवी आकसते, हवा आत शिरत नाही, आणि वाइन काही आठवडे टिकते. डब्याची युक्ती त्याहून साधी: लागेल तेवढाच उघडावा. उरलेली संपवायची म्हणून जास्त घेतली जात नाही, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. वर्षानुवर्षे मुरवायची वाइन मात्र काचेतच ठेवावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. फ्रिजमध्ये हा डबा शीतपेयाशेजारी ठेवला, तर दहा वर्षांच्या मुलाने फरक ओळखावा कसा? मद्यार्काचे प्रमाण दर्शनी भागावर, ठळक मराठी अक्षरांत हवेच. तोवर आमच्या घरी तो कपाटात, औषधांच्या वरच्या फळीवर राहील. थंड नंतर करता येतो.