होमली म्हणजे नेमकी कशी?

‘वधू पाहिजे’च्या जाहिराती वाचायला कोणाला आवडत नाही? घरात लग्नाचं कोणी नसलं तरी नजर जातेच. उंच, गोरी, उच्चशिक्षित आणि शेवटी हमखास ‘होमली’. पूर्वी मराठीत ‘गृहकृत्यदक्ष’ लिहायचे. तो शब्द निदान सरळ होता, घरकाम आलं पाहिजे बाई! ‘होमली’त सगळंच मोघम. स्वयंपाक येणारी, उलटून न बोलणारी, विचारल्याशिवाय माहेरी न जाणारी... ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ घ्यावा.

गंमत म्हणजे हीच जाहिरात अमेरिकेतल्या एखादीने वाचली तर ती कपाळाला हात लावेल. तिकडे होमली म्हणजे दिसायला बेताची, जवळजवळ कुरूपच. म्हणजे ‘सुंदर, होमली मुलगी पाहिजे’चा अर्थ काय झाला बघा! इंग्लंडमध्ये मात्र घर किंवा जेवण होमली असलं तर ते साधं, आपुलकीचं. (आपल्या खानावळींच्या पाटीवरचं ‘होमली फूड’ तिकडे तरी खपेल.) शब्द आला ‘होम’वरूनच, १४ व्या शतकापासूनचा. आधी घरचं, मग साधंसुधं, मग रूपानेही साधंच, असा तो घसरत गेला. मिल्टनच्या १६३४ सालच्या ‘कोमस’ या नाट्यकाव्यात तर एक मायावी खलपुरुष तरुणीला भुलवताना म्हणतो, की घरी बसावं ते बेताच्या रूपाच्यांनी, त्यांना होमली हे नावही त्यावरूनच पडलंय. बोलणारा खलनायक आहे, हे लक्षात ठेवा हं.

आता सांगा, ‘होमली वर पाहिजे’ असं कधी वाचलंत? घरात रमणाऱ्या पुरुषाला आपण ‘घरकोंबडा’ म्हणून मोकळे होतो. गुण तोच, तिचं कौतुक आणि त्याची टिंगल. त्यात हल्ली ‘नोकरी करणारी, होमली’ अशी जोडी असते. म्हणजे पगारही आणा आणि गरम पोळ्याही वाढा.

खरं सांगू, मुलीच्या बायोडाटात हा शब्द आपणच हौसेने घालतो. त्याजागी लिहावं ना, पोळ्या मऊसूत करते, भाजीत मीठ विसरते, स्कूटी चालवते, हिशेबाला चोख आहे. आणि समोरच्यांनी ‘मुलगी होमली आहे ना?’ असं विचारलंच, तर चहा पुढे करत विचारावं, “होमली म्हणजे तुमच्याकडे सकाळी किती वाजता उठायचं, आणि तिचा पगार कोणाच्या हातात द्यायचा?”