प्रतिपिंडाचीही शून्य त्रुटी पाहा!

प्रयोगशाळा बुलढाण्याची असो की पुण्याची, व्हर्नियर हाती घेताच प्रथम शून्य त्रुटी पाहावी लागते. प्रतिपिंड हेही मोजमापाचे साधनच. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे मिळवण्याची रीत शोधली. त्या रीतीने रॅट या मोठ्या उंदराच्या पेशींपासून बनवलेले ‘जीके १.५’ छोट्या उंदराच्या टी-पेशीवरील सीडी४ ग्राही ओळखते. त्याला जोडलेला रंग लेसरखाली चमकतो. परंतु प्रतिपिंडाची शेपटी भलत्याच ग्राहीला चिकटली, तरी पेशी चमकतेच! म्हणून सीडी४ न ओळखणारे तसेच प्रतिपिंड तुलनेसाठी वापरतात. माझ्या मते, तुलनेच्या प्रयोगाविना काढलेला निष्कर्ष कोणाचाही असो, तो मानू नये. शिक्षकहो, वहीत शून्य त्रुटीचा रकाना कोरा असेल, तर पुढची वाचने तपासूच नका.