‘माप कशात आहे?’ : संगणकीय आलेखन आणि मापांची भाषा

संगणकावर घराचा नकाशा काढणारा आलेखक ३००० हा आकडा देऊन भिंतीची रेषा ओढतो, तेव्हा त्या रेषेची लांबी किती असते? १९८२ पासून प्रचारात असलेली ऑटोकॅड ही आज्ञावली या प्रश्नाचे सरळ उत्तर देते: ३००० एकके. ती एकके मिलिमीटर आहेत, इंच आहेत की मीटर, हे रेषेला ठाऊक नसते. ते आलेखकाने ठरवायचे असते. न ठरवल्यास आज्ञावली रचणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले निमूटपणे स्वीकारावे लागते. भाषा आणि संकेत यांच्या अभ्यासकाला रस वाटावा असे या विषयात पुष्कळ आहे. पण तो अभियंत्यांचा प्रांत म्हणून सोडून देण्यात आला आहे.

एककांच्या मांडणीत आज्ञावली दोन निरनिराळ्या गोष्टी विचारते. आकडा दाखवायचा कसा, दशांशात, अपूर्णांकात की फूट-इंचांत, ही पहिली. या चित्रातील एक एकक म्हणजे नेमके काय, ही दुसरी. कारण दुसऱ्या चित्रातील दार किंवा खिडकी येथे आणताना तिचा आकार त्यावरून लहानमोठा करायचा असतो. पहिली निवड लिपीची आहे, दुसरी अर्थाची. मिलिमीटर मनात धरून काढलेल्या ३००० च्या भिंतीवर नवशिक्याने नुसती फूट-इंचांची लिपी चढवली, तर तीन मीटरची भिंत २५० फुटांची दिसू लागते. कारण त्या लिपीत एक एकक म्हणजे एक इंच असा संकेत आहे. लिप्यंतराला भाषांतर समजण्याची चूक साहित्याच्या क्षेत्रातही अगदीच अनोळखी नाही.

या दुसऱ्या प्रश्नासाठी जी यादी पुढे येते तीत मिलिमीटर आणि इंच तर आहेतच, शिवाय अँगस्ट्रॉम आहे, प्रकाशवर्ष आहे, पार्सेक आहे. अमेरिकी भूमापनाचा फूटही आहे, ज्याचा अधिकृत वापर २०२२ च्या अखेरीस थांबला आणि जो नेहमीच्या फुटाहून दशलक्षांत केवळ दोन भागांनी वेगळा आहे. हात आणि सूत मात्र नाहीत. यावर स्वाभिमानाचा गजर करण्याचे कारण नाही. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धती स्वीकारली, ते योग्यच झाले. परंतु कायद्याने माप बदलते तितक्या लवकर बोलणे बदलत नाही. मिस्त्री आजही नकाशा हाती घेताच विचारतो, “माप कशात आहे?” मिलिमीटरमध्ये आहे असे कळल्यावर तो ३००० चे नऊ फूट दहा इंच एक सूत करतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. फूट-इंचांच्या लिपीत आज्ञावली १/८ इंचापर्यंतचे अपूर्णांक दाखवण्याची सोय देते, म्हणजे सूत तिच्यात बिननावाने वावरतच आहे. नकाशा आणि भिंत यांच्यामध्ये हे असे तोंडी भाषांतर रोज घडते. त्याची लेखी नोंद कोठेही राहत नाही.

या व्यवहाराला गोंधळ म्हणून हिणवणे सोपे आहे. सुतार “अठरा एमएमची आठ बाय चारची शीट” म्हणतो, तेव्हा जाडी मिलिमीटरमध्ये आणि लांबीरुंदी फुटांत असते, आणि ऐकणाऱ्याचा तिळमात्र घोटाळा होत नाही. कामागणिक माप बदलण्याची ही रीत प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात २४ अंगुळांचा हात आहे, तसेच करवत चालवणाऱ्यांचे ४२ अंगुळांचे आणि वनातील लाकडासाठी ५४ अंगुळांचे मापही आहे. एकाच वाक्यात दोन मापपद्धती नांदवणारा सुतार त्या परंपरेबाहेरचा नव्हे.

खरा धोका शब्द एक आणि माप निराळे असते तेथे आहे. पश्चिम बंगालमध्ये कट्ठा म्हणजे ७२० चौरस फूट. आसामात त्याच नावाचे माप २८८० चौरस फुटांचे, चौपट. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेले असते आणि सौदा गुंठ्यात बोलला जातो. गुंठा ३३ फूट लांबरुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर बरोबर १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ की लोक त्यांना एकच समजतात. पण चाळीस गुंठ्यांच्या एका एकरात हा फरक साठत साठत सुमारे ४७ चौरस मीटर होतो. एवढ्या जागेत एखादे कुटुंब राहू शकते.

मापे टाकण्याच्या कामात आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे. आज्ञावली रेषा स्वतः मोजते आणि तो आकडा लिहिते. परंतु आलेखकाला तो पुसून हाताने दुसरा लिहिण्याचीही मुभा असते. रेषा २९५० ची आणि तिच्यावर ३००० असे लिहिलेले, अशी चित्रे घाईच्या दिवसांत निघतात. पोथीतील लेखनिकाचा हस्तक्षेप निदान दुसऱ्या पोथीशी ताडून पकडता येतो. येथे कागदावर पाहणाऱ्याला संशयही येत नाही. दशांश किती दाखवायचे याचेही तसेच. १००० मिलिमीटरचे तीन समान भाग केले आणि दशांश लपवले की प्रत्येक भाग ३३३ दिसतो, बेरीज ९९९ भरते, आणि हरवलेला मिलिमीटर शोधण्याचे काम फरशी बसवणाऱ्याकडे जाते.

परिभाषेचा प्रश्न येथे उभा राहतो. दशांश ठरवण्याच्या या रकान्याला इंग्रजीत प्रिसिजन म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘परिशुद्धता’ घेतला, तर जेथे काहीच शुद्ध होत नाही तेथे शुद्धीचा भास होईल. ‘दाखवायचे दशांश’ हे साधे शब्द मुळापेक्षाही खरे ठरतील. डायमेन्शनसाठी ‘मिती’ योजणाऱ्याने मिती म्हणजे तिथीही असते हे आठवावे, आणि बांधकामावर ‘माप’ हा शब्द जिवंत आहे हेही. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले तेव्हापासून परिभाषा घडवण्याचे काम चालू आहे, आणि ते मोलाचे आहे. मात्र एकूण परिभाषानिर्मितीचा ओढा संस्कृत धातूकडे राहिला, गवंड्याच्या ओळंब्याकडे तो क्वचितच वळला.

विद्यापीठांतील भाषाविभागांना येथे हाती घेण्यासारखे काम आहे. सुतार, गवंडी, भूकरमापक, शिंपी यांच्या तोंडची मापे त्यांच्या प्रदेशासह आणि आजच्या मूल्यांसह नोंदवावीत; बंगाली-असमिया कट्ठ्यासारख्या जोड्या शेजारी मांडाव्यात, आणि तो संग्रह आलेखन शिकवणाऱ्या संस्थांच्या हाती द्यावा. आणि तोपर्यंत, ज्या नकाशावरून मराठी माणूस भिंत उभारणार आहे त्याच्या कोपऱ्यात ‘सर्व मापे मिलिमीटरमध्ये’ ही एक ओळ मराठीत लिहिण्यास कोणत्याही आज्ञावलीची आडकाठी नाही.