इंडक्शनची शेगडी आणि भिंतीतला पॉइंट

मैत्रिणींनो, गॅस संपला की इंडक्शनची शेगडी मोठाच आधार वाटतो, नाही का? ज्योत नाही, म्हणून आपण निर्धास्तही असतो. पण 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढते, हे लक्षात ठेवा. तिची जाड पिन लहान पॉइंटला बसत नाही, म्हणून मध्ये अडॅप्टर घालून 6 अँपिअरच्या पॉइंटला ती कधीही लावू नये. तारा आतल्या आत तापतात आणि आग लागू शकते. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंटच हवा; एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. घर जुने असेल तर आधी वायरमनला दाखवून घ्यावे. प्लग गरम लागला, जळका वास आला, तर लगेच मेन स्विच बंद करा.

भांडे सपाट बुडाचे, लोहचुंबक चिकटेल असे घ्या. शेगडीखाली कापड-कागद अंथरू नका, पंख्याला हवा मिळत नाही. काचेला तडा गेला तर शेगडी वापरूच नये. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, भांडे उतरल्यावरही काच बराच वेळ तापलेली असते हं, मुलांना जपा. आतला पंखा थांबला की मगच भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा, बरं का!