फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी

पेठ वडगावच्या आसपास ऊस आला, भाजीपाला आला आणि त्याबरोबर फवारणीही आली. भांगलणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. म्हणून तुम्ही तणनाशक मारता. त्यात तुमचा दोष नाही. पण त्या औषधाचा अंगाला होणारा त्रास दरवेळी लगेच दिसतो असं नाही. म्हणून हे सांगणं.

उशिरा दिसणारा असाच एक त्रास म्हणजे कंपवात. त्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. यात मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरतात. हात थरथरतो, अंग ताठरतं, चाल मंदावते. याचं एकच एक कारण सांगता येत नाही. वाढतं वय आहे, काही घरांत आनुवंशिकता आहे. आणि काही विषारी औषधांशी वर्षानुवर्षं येणारा संबंधही आहे.

अमेरिकेत २०११ साली शेतात औषधं हाताळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो, असं नाही. पण धोका वाढतो. फ्रान्सने तर २०१२ साली कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा कामामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला. पॅराक्वाटला युरोपीय संघात २००७ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते मिळतं.

याच अमेरिकन शेतकऱ्यांच्या पुढच्या अभ्यासात एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. पॅराक्वाट वापरताना जे नेमाने हातमोजे घालत होते, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे बचाव बराचसा तुमच्या हातात आहे. एवढं करा.

दुकानात औषध घेताना नाव आणि प्रमाण विचारा. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सौम्य औषधाने भागत असेल तर जहाल घेऊ नका. बांधावरचं थोडकं तण खुरप्यानेच काढा.

औषध हाताने ढवळू नका, काठी घ्या. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, तोंडाला मास्क हवाच. उघड्या पायांनी ओल्या सरीत शिरू नका.

वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून मारू नका. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका. पंप गळत असेल तर आधी वायसर बदला. पाठीवर झिरपणारं औषध कातडीतून अंगात जातं.

फवारता फवारता तंबाखू मळायची सवय फार वाईट. बोटाला लागलेलं औषध सरळ तोंडात जातं. आधी साबणाने हात धुवा.

पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नका. तेच पाणी जनावरं पितात, माणसंही पितात. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोक पाडा. त्यात तेल, पाणी, दूध कधीच ठेवू नका.

घरी आल्यावर पोराला उचलण्याआधी अंघोळ करा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. ते धुणं बहुतेक घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. तिलाही हातमोजे आणून द्या.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. फवारताना मळमळ, घाम, चक्कर, अंधारी आली तर काम तिथेच थांबवा. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडेही लक्ष ठेवा. बसल्या जागी एक हात थरथरतो का? चालताना एक हात हलत नाही का? अक्षर बारीक झालंय का? वास येईनासा झालाय का? वय झालं म्हणून सोडून देऊ नका. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे, मेंदूविकाराचे डॉक्टर आहेत. हा आजार पुरता बरा होत नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या आणि व्यायाम रोज केला तर माणूस बरीच वर्षं आपली कामं आपण करतो. गोळ्या मनाने बंद करू नका.

मजूर लावून फवारणी करून घेत असाल तर हातमोजे, मास्क आणि साबण मालकानेच द्यायचा. पीक तुमचं आहे, तसा त्याच्या जिवाचा भारही तुमच्यावर आहे. पुढच्या फवारणीआधी बाजारातून हातमोज्यांचे दोन जोड आणा: एक पंप धरणाऱ्याला, एक कपडे धुणारीला.