घरची शाळा आणि परतीचा दरवाजा

लोअर परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबून आता दशके लोटली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली, तिच्यातून फिनिक्स मिलच्या आवारासारखी बाजारसंकुले उभी राहिली आणि तेथील दुकानांत ‘ग्रॅनोला’ नावाचा नाश्ता येऊन बसला. ओट, सुका मेवा आणि मध यांचे हे भाजके मिश्रण. त्याचा पूर्वज अमेरिकेतील डॉ. जेम्स जॅक्सन यांनी १८६३ मध्ये आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी सिद्ध केला होता. आज अनेक घरांतून हा पदार्थ घरीच भाजला जातो. पाकिटातील साखरेवर विश्वास उरलेला नाही, हे त्याचे कारण. शिक्षणाच्या बाबतीतही काही पालक याच निष्कर्षाला आले असून ते मुलांना शाळेत न घालता घरी शिकवू पाहत आहेत. पहिली गोष्ट हौसेची म्हणून सोडून देता येईल. दुसरीचा विचार शासनाला आणि समाजाला करावाच लागेल.

घरच्या शिक्षणात तथ्य असते, हे प्रस्तुत लेखक अनुभवाने सांगू शकतो. याच परिसरातील चाळीत लहानपणी दीर्घ आजारामुळे दोन वर्षे शाळा सुटली आणि आईने घरी शिकविले. त्यातील बराच अभ्यास स्टोव्हसमोर झाला. ओटचे नावही तेव्हा कोणी ऐकले नव्हते. राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाणे, तीळ आणि गूळ एवढीच सामग्री होती. चार वाट्या लाह्यांना एक वाटी गूळ, तर दहा वाट्यांना किती, हे त्रैराशिक तेथेच सुटले. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर कधी विरघळतो आणि कधी त्याची गोळी बांधते, हे पाहताना पदार्थविज्ञानाशी पहिली ओळख झाली. वाण्याच्या वहीने शुद्धलेखन सुधारले. पुढे शाळेत परतल्यावर मात्र मधल्या दोन वर्षांचा दाखला नाही एवढ्याच कारणावरून खालच्या वर्गात बसविण्यात आले. मुलाला काय येते, हे कोणी विचारले नाही.

महाराष्ट्राला घरचे शिक्षण नवे नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. कोणत्याही शाळेची पायरी न चढलेल्या त्या मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरविले. अलीकडचे उदाहरण मुंबईचेच आहे. मालविका जोशी हिला आईने सातवीत शाळेतून काढून घरी शिकविले. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली; परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद राहिले आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. गुणवत्ता येथे घडावी आणि तिची दखल परदेशाने घ्यावी, हे आपल्या व्यवस्थेला भूषणावह नाही.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. घरी शिकविण्याविषयी हा कायदा स्पष्ट काहीच सांगत नाही. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देता येते. तोपर्यंत घरी शिकणारे मूल कायद्याच्या दृष्टीने जणू अधांतरी राहते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. घरच्या शिक्षणास मान्यता दिली, तर मुलींना घरकामाला आणि मुलांना मजुरीला जुंपणाऱ्यांना आयतीच पळवाट मिळेल. शिवाय आईच्या हाताला उसंत असल्याखेरीज घरची शाळा भरत नाही. याच गिरणगावातील ज्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांनी गिरणी कामगारांच्या पोळ्या लाटायच्या की मुलांचे पाढे घ्यायचे? म्हणून शाळा हवीच. बहुसंख्य मुलांना तिच्यावाचून आधार नाही. तथापि पळवाटेला उत्तर देखरेखीचे आहे, मौनाचे नव्हे. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवून दाखवून दिले होते.

उपाय खर्चिक नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद प्रभागातील महापालिका शाळेत व्हावी. वर्षातून एकदा त्याची आस्थेने चाचणी घ्यावी, आणि तेथील ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण त्यास खुले असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतीचा दरवाजा. शाळाबाह्य मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. घरी शिकलेल्या मुलालाही ती निःसंदिग्धपणे लागू करावी. घरातून शाळेकडे जाणारी वाट मोकळी राहिली, तर घरच्या शिक्षणाची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही. ती वाट बंद ठेवून आपण शिक्षा करतो ती पालकाला नव्हे, मुलाला.