पोलादाने किती भूकंप पचवावा?

सूरजागडच्या लोहखनिजावर कोनसरीत कारखाना उभा राहिला आणि गडचिरोलीला ‘स्टील हब’ करण्याची घोषणा झाली. म्हणजे अवजड यंत्रे पेलणारे उंच पोलादी सांगाडे या जिल्ह्यात वाढणार. भूकंपात ते टिकतील का, हे नुसत्या धक्क्याच्या जोरावरून ठरत नाही. आपली आयएस १८९३ ही संहिता इमारतीवर येऊ शकणारे कमाल बल काढते आणि उत्तम जोडांच्या पोलादी चौकटीसाठी ते ५ ने भागू देते. उरलेले सांगाडा वाकून, ऊर्जा जिरवून निभावेल, हे त्यामागचे गृहीतक. पण किती ऊर्जा आणि कितीदा वाकून, हा हिशेब या नेहमीच्या रीतीत येतच नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. दोन भूकंपांचे कमाल बल सारखे असले, तरी जो जास्त वेळ हलवतो तो जोडांची जास्त परीक्षा घेतो.

हा विचार नवा नाही. भूकंप-अभियंते हाउझनर यांनी अमेरिकेत तो १९५६ मध्येच मांडला. पुढे जपानच्या अकियामांनी दाखवले, की इमारतीत शिरणारी एकूण ऊर्जा मुख्यतः तिचे वस्तुमान आणि आंदोलनकाळ (एका झोक्याला लागणारा वेळ) ठरवतात. तिच्या ताकदीचा त्यात वाटा थोडा. त्यामुळे एकूण ऊर्जेचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. ती कोणत्या मजल्यावर साचेल, हे सांगणे खरे कठीण. जपानने २००५ मध्ये ऊर्जेच्या हिशेबाची ही पद्धत नियमांत घेतली. पोलाद मुळातच चिवट, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात याच चिवट चौकटींचे तुळई-खांबांचे वेल्डिंग तडकलेले आढळले.

दुसरा आक्षेप ठरलेला: इथे भूकंप होतात कुठे? किल्लारीही १९९३ च्या विनाशकारी भूकंपाच्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. गोदावरीच्या खोऱ्यात १९६९ मध्ये भद्राचलमला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. ४ डिसेंबर २०२४ च्या तेलंगणातील मुलुगूच्या ५.३ तीव्रतेच्या धक्क्याने गडचिरोली-चंद्रपूरही हादरले. स्थानिक नोंदी अपुऱ्या आहेत, हा आक्षेप मात्र रास्त. त्यावर उपाय नोंदी वाढवण्याचा आहे, हिशेब टाळण्याचा नव्हे. राज्य सरकारने कोनसरी परिसरात कंपनमापक बसवावेत आणि मोठ्या पोलादी सांगाड्यांना परवानगी देताना बलाबरोबर ऊर्जेचा हिशेबही मागावा.